थॅडियसचे दात

गुरुवार, १२ सप्टेंबर १९८५

आज हेझलकडे पुन्हा तेच भांडण. थॅडियसने इसोबेलला चावायला हवं होतं की नव्हतं? मी म्हणते, हवं होतं. हेझल म्हणते, मुळीच नाही. सतरा वर्षं आमची गाडी याच फाटकाशी अडली आहे, आणि खरं सांगायचं तर ती पुढे सरकावी असं दोघींनाही वाटत नाही.

ही वही कोणी उघडलीच (क्लॉडेट, तू असशील तर आत्ताच्या आत्ता मीट), तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवते. थॅडियस पेन्हॅलो हा ‘पेन्हॅलो पॉइंट’ मालिकेतला व्हॅम्पायर. मालिका रोज दुपारी चारला लागायची आणि त्या अर्ध्या तासात आमच्या वूनसॉकेट गावातल्या एकाही घरात बटाटे सोलले जायचे नाहीत. मग ती बंद पडली. आता सरकारी मदतीवर चालणारं ते सभ्य चॅनेल ती पहिल्यापासून दाखवतंय. हेझल आपल्या नव्या यंत्रावर ती टेप करते आणि दर गुरुवारी मंडळ जमवते. मंडळ म्हणजे पाच-सहा बायका आणि पाववाले पिन्हो.

तर तो प्रसंग. दीपगृहातली खोली. इसोबेल तापाने फणफणलेली, डॉक्टरने हात टेकलेले. थॅडियसचा जीव तिच्यावर. तो चावला तर ती कायमची जगेल. दिवसा शवपेटीत झोपावं लागेल, पण जगेल. तो वाकतो. तिची मान समोर. तो थांबतो. थांबतो, थांबतो, इतका थांबतो की १९६८ साली माझ्या हातातली चहाची कपबशी कशी कलंडली ते मला कळलंच नाही. मग सरळ उभा राहतो, काळे हातमोजे चढवतो आणि निघून जातो. कपड्यांच्या साबणाची जाहिरात लागायच्या आत इसोबेल गेलेली.

माझं म्हणणं सोपं आहे. जीव लावलाय ना? मग धरून ठेव. हातमोजे कसले घालतोस?

हेझल निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आहे. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी ऐकल्यामुळे आपल्याला माणसं कळतात असा तिचा समज आहे. ती म्हणाली, “ऑरोर, तू त्याच्या जागी असतीस तर तापाची वाटही पाहिली नसतीस. पडशावरच चावली असतीस.”

सगळ्या हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.


सोमवार, १६ सप्टेंबर

क्लॉडेटने जेवताना सांगितलं. सिअॅटलच्या एका मोठ्या हॉस्पिटलने तिला बोलावलंय. इथे ती रक्त तपासते, तिथेही रक्तच तपासायचं. पण तिथे म्हणे संशोधन आहे, नवी यंत्रं आहेत. मी विचारलं, “सिअॅटलमध्ये रक्त वेगळ्या रंगाचं असतं का?” ती हसली नाही. एरवी हसते.

मी अगदी शांतपणे ऐकून घेतलं. तिला आडकाठी करायची माझी तयारी कधीच नव्हती. सत्ताविसाची आहे, तिचं तिला कळतं. मी तसं म्हणणारच होते, तेवढ्यात मला चक्कर आली.

तिने मला कोचावर निजवलं, कपाळावर ओला टॉवेल ठेवला, भांडी घासली. सिअॅटलचा विषय त्यानंतर निघाला नाही. पोर फार समजूतदार आहे.


गुरुवार, १९ सप्टेंबर

डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांना काही सापडलं नाही. तरुण आहेत, शिकतील हळूहळू.

हेझलला सांगितलं तर ती म्हणाली, “चक्कर कधी कधी येते?”

“काही नेम नाही.”

“नेम नाही कसा? सोमवारी सिअॅटल निघालं, तेव्हा आली. काल तिला तिकडून फोन आला, तेव्हा आली. तुझी चक्कर फार हुशार आहे गं. आमच्या ऑफिसात असती तर सुपरवायझर झाली असती.”

मी मांसाचं सारण भरलेल्या मीट पायचा दुसरा तुकडा तिला दिला नाही.


शनिवार, २८ सप्टेंबर

काल ग्लोरिया वादळ येऊन गेलं. शेजारच्यांचं मेपलचं झाड आडवं झालं, वीज गेली, अजून नाही. टीव्ही नाही, फ्रीज नाही. क्लॉडेटला कामावर जाता आलं नाही. दिवसभर दोघी स्वयंपाकघरात बसून पत्ते खेळलो, वितळत चाललेलं आइस्क्रीम डब्यातूनच खाल्लं. ती लबाडी करत होती, मीही करत होते. कितीतरी दिवसांनी इतकी हसले. वीज आठवडाभर नाही आली तरी माझी तक्रार नाही.

संध्याकाळी खिडकीशी उभी राहून ती म्हणाली, “मामाँ, मी त्यांच्याकडे मुदत मागितली. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत.”

“मग?”

“मग बहुतेक नाही म्हणेन.”

“तुझी मर्जी,” मी म्हटलं. मला फार बरं वाटलं. चक्करही आली नाही, आणि हे हेझलला मुद्दाम सांगणार आहे.


गुरुवार, १० ऑक्टोबर

मंडळात मोठी बातमी! हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी लायब्ररीच्या तळघरातल्या सभागृहात थॅडियसवर खटला भरायचा. रीतसर. आरोप : जीव लावलेल्या बाईला हातून जाऊ दिलं. सरकारी वकील मी. बचावाला हेझल. ज्युरीला तोंडात धरायला मेणाचे सुळे वाटायचे, म्हणजे कोणी मध्ये बोलणार नाही.

पिन्होंना साक्ष द्यायची आहे. त्या प्रसंगात इसोबेल जाते त्या क्षणी भिंतीवर एक सावली वर सरकते; पिन्होंच्या मते तो तिचा आत्मा. हेझल म्हणाली, “पिन्हो, तो मायक्रोफोनचा दांडा आहे.” पिन्हो टोपी घालून निघून गेले. मागे तिने हेच म्हटलं होतं तेव्हा मंडळाला पाव मिळायचा बंद झाला होता.

पण खरी बातमी पुढेच आहे. डेस्मंड हारग्रीव्ह येणार! खुद्द थॅडियस! प्रॉव्हिडन्सला एका हॉटेलात लोक जेवत असताना त्यांचं नाटक चालतं. हेझलने फोन करून त्यांना गाठलं. जेवण आणि परतीची सोय, एवढीच त्यांची अट. सोय मी करणार म्हटलं. हेझल म्हणाली, “आणि चक्कर?” मी म्हटलं, “पाहुण्यासमोर कसली चक्कर.”

इसोबेलचं काम हेझलने परस्पर क्लॉडेटला दिलं. सरकारी वकिलाला विचारण्याची पद्धत नाही वाटतं.


शनिवार, २६ ऑक्टोबर

खटला पार पडला. आठवतंय तोवर लिहून काढते.

सभागृह गच्च भरलं होतं. तिखट खिमा भरलेल्या डायनामाइट सँडविचच्या वासाने शंभर वर्षांचा खोकला पळाला असता. हारग्रीव्ह मला वाटले होते त्यापेक्षा बुटके निघाले. सत्तरीचे असतील. झगा स्वतःचा आणला होता, बुटांना नवे तळवे होते. आरोपीच्या खुर्चीत बसून त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर सँडविच संपवलं.

मी छान बोलले. माझं मीच लिहायचं म्हणजे जरा ओशाळल्यासारखं होतं, पण बोलले. म्हटलं, “ज्युरीतल्या मंडळींनो, प्रेम म्हणजे काय? माणूस जवळ असणं. जवळच नसेल तर त्या प्रेमाचं लोणचं घालायचं का? या गृहस्थाच्या हातात होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं!” टाळ्या पडल्या. ज्युरीतल्या एकीचे सुळे पडले.

मग हेझलने साक्षीदार म्हणून इसोबेलला बोलावलं. क्लॉडेटने माझाच पांढरा नाइटगाउन घातला होता. उलटतपासणी माझी.

“इसोबेलबाई, हे गृहस्थ चावले असते तर तुमचं काय झालं असतं?”

“जगले असते,” क्लॉडेट म्हणाली.

“पाहा! आणि मग?”

“मग रोज संध्याकाळी उठून त्यांच्यासमोर बसले असते. त्यांना बरं वाटावं म्हणून.”

“त्यात वाईट काय?”

“वाईट काही नाही. चांगले आहेत ते. माझ्यावर जीव आहे त्यांचा.” ती माझ्याकडे बघत होती; बघायचं खरं तर ज्युरीकडे असतं. “फक्त मला कोणी विचारलं नसतं. आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. नाही म्हणायला मला जमलं नसतं.”

 ज्युरीचं मेणाचे सुळे चघळणंही थांबलं. पाठ करून आलेली नसताना तिने इतकं चांगलं काम केलं, मला कौतुकच वाटलं. मात्र पुढचा प्रश्न मी विसरले. कागदावर होता, पण कागदावरचं काही दिसेना. मी म्हटलं, “साक्षीदाराने बसावं.”

शेवटी आरोपी. हेझल म्हणाली, “साहेब, एकच प्रश्न. का नाही चावलात?”

हारग्रीव्ह उठले, झगा सारखा केला, घसा खाकरला. आम्ही सगळे पुढे झुकलो. सतरा वर्षांचा प्रश्न!

“दात सापडले नाहीत,” ते म्हणाले.

कोणाला काही कळेना.

“खोटे सुळे असायचे. ऐन वेळी तोंडातून निसटले आणि इसोबेलच्या पांघरुणात कुठेतरी गेले. आमची मालिका एका दमात टेप व्हायची. पुन्हा घ्यायला ना वेळ ना पैसा. मी वाकलो, तोंडात काही नाही. थोडा वेळ तसाच थांबलो, वाटलं, कोणी काही खुणावेल. कोणी खुणावलं नाही. मग हातमोजे घातले आणि निघालो. लेखकांनी मला मारायचंच बाकी ठेवलं होतं.”

 आणि जो हशा उसळला! हेझल टेबलावर डोकं ठेवून हसत होती. ज्युरीने हाताला येईल ते सुळे आरोपीवर उधळले. खटला निकाली. पिन्होंनी मात्र बारीक आवाजात विचारलं, “आणि ती सावली?” हारग्रीव्हनी त्यांच्याकडे पाहिलं, जरा थांबले आणि म्हणाले, “ती कसली, ते आम्हालाही कधी कळलं नाही.” पिन्हो छाती काढून जागेवर बसले. घरी जाताना त्यांनी हेझललाही पाव दिला.

मीसुद्धा हसले. पण मनातून चिडले होते. या माणसापायी मी सतरा वर्षं भांडले, आणि याचे दात पांघरुणात!


रविवार, २७ ऑक्टोबर

चर्चहून आले. प्रवचन कशावर होतं ते विचारू नये.

काल हारग्रीव्हना बस स्टेशनवर सोडलं, ते लिहायचं राहिलं. नव्हे, लिहावं की नाही ते ठरत नव्हतं. त्यांनी कोणाला सांगू नका म्हणून सांगितलंय. वहीला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे, असं मी ठरवलं आहे.

गाडीत ते मांडीवर उरलेली मीट पाय घेऊन बसले होते. मी म्हटलंच, “मिस्टर हारग्रीव्ह, तुम्ही आम्हाला चांगलंच उल्लू बनवलंत.”

“आवडली नाही का गोष्ट? सगळीकडे चालते ती.”

“गोष्ट चांगली आहे. पण मला वाटायचं, त्याने विचार करून सोडलं तिला. चुकीचा असेल, पण विचार. आणि निघाले काय, तर दात!”

 बस स्टेशन आलं, बसला वेळ होता, गाडीतच बसलो. मग ते म्हणाले, “बाई, तुम्ही माझ्याविरुद्ध इतकं तळमळून बोललात, म्हणून तुम्हाला सांगतो. दात तोंडातच होते.”

मी इंजिन बंद केलं, आणि त्यांनी सगळं सांगितलं.

इसोबेलचं काम करायची ती व्हेरा लिंडक्विस्ट. तिला मिनीआपोलिसच्या एका मोठ्या नाटक कंपनीत जागा मिळाली होती. लहानपणापासून तिला तेच हवं होतं. पण करार दोन वर्षांचा. इसोबेल मेली तरच सुटका. लेखकांनी मारायचं कबूल केलं होतं. त्या दिवशी सकाळी संहितेची पानं बदलून आली : थॅडियस चावतो, इसोबेल व्हॅम्पायर होऊन परत येते. लोकांना ती आवडत होती ना!

“ती भांडली नाही?” मी विचारलं.

“नाही. दुपारी जेवली नाही, एवढंच. सगळ्यांशी गोड वागणारी मुलगी. मग प्रसंग सुरू झाला. मी वाकलो, आणि तिने मान पुढे केली. नीट, मला सोपं जावं म्हणून. तेच मला बघवेना. नाही म्हणत असती तर चावलो असतो हो, माझं कामच ते.”

“आणि मग दात?”

“दाराबाहेर जाऊन काढले आणि खिशात टाकले. निसटले म्हणून सांगितलं.”

“तिला कळलं?”

“नाताळला कार्ड पाठवते. दर वर्षी कुत्र्याचा फोटो, कुत्रा दर दोन वर्षांनी वेगळा. दातांबद्दल एक अक्षर नाही.”

“तुमचं प्रेम होतं का हो तिच्यावर?”

ते हसले. “मला बायको होती, अजून आहे. पण समोर कोण उभं आहे यावर आमचं काम चांगलं-वाईट होतं बाई. ती असली की मी चांगला नट होतो. ती गेल्यावर जी आली, ती संवाद तळहातावर लिहून आणायची आणि घाम आला की गप्प बसायची. व्हेराची फार आठवण यायची मला. अजून येते.”

बस लागली. त्यांनी झग्याची घडी पिशवीत घातली, मीट पायचा कागद नीट दुमडून मला परत दिला, आणि म्हणाले, “मंडळात सांगू नका. लोकांना दातांची गोष्ट बरी वाटते.”

परत येताना माझ्या लक्षात आलं की जाऊन-येऊन सगळी गाडी मीच चालवली आणि चक्कर म्हणून आली नाही. मला हे आवडलं नाही.


सोमवार, २८ ऑक्टोबर

क्लॉडेट सकाळी म्हणाली, “आज दुपारी सिअॅटलला फोन करून नाही म्हणून टाकते. उगाच लटकत ठेवायला नको.” आणि मान खाली घालून टोस्टला लोणी लावत बसली, अगदी कडेपर्यंत, नीट. माझ्या टोस्टला.

ती मान मला बघवेना.

ती कामावर जायला कोट घालत होती तेव्हा मी शिडी लावून माळ्यावर चढले आणि तिच्या बापाची मोठी बॅग काढली. वजनदार आहे मेली. खाली टाकली तेव्हा केवढा आवाज झाला. क्लॉडेट धावत आली.

“मामाँ! शिडीवर काय करतेस? चक्कर येऊन पडशील!”

“हिची चेन अडकते,” मी वरूनच म्हटलं. “सिअॅटलला जायच्या आधी दुरुस्त करून घे.”

ती किती तरी वेळ शिडी धरून उभी होती. मीही उतरले नाही, कारण उतरले असते तर तिला माझं तोंड दिसलं असतं. शेवटी ती म्हणाली, “तिथे पाऊस फार पडतो म्हणे.”

“मग छत्री ने,” मी म्हटलं.


शनिवार, ९ नोव्हेंबर

आज गेली.

विमानतळावर हेझलही आली होती. नंतर गाडी कोण चालवणार, या काळजीने आले असं म्हणाली. मी विचारलं, “का, मला काय झालंय?” तिने पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही आणि मासिकं बघायच्या निमित्ताने लांब जाऊन उभी राहिली. माणसं कळतात तिला थोडी थोडी.

विमानाची घोषणा झाली. क्लॉडेटने बॅग खांद्याला लावली, आणि मग तिने विचारलंच. विचारू नये अशी मी देवाची प्रार्थना केली होती. “मामाँ, तुला बरं वाटतंय ना? खरं सांग. नाहीतर अजूनही थांबते मी.”

थांबली असती. नुसतं ‘जरा गरगरतंय गं’ म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, आणि आज तर ते खरंही होतं. मी तोंड उघडलं. उघडं ठेवून किती वेळ उभी होते मला माहीत नाही. तिची लोकरीची टोपी वाकडी झाली होती, ती सरळ करावीशी वाटत होती, पण हात लावला असता तर मी सोडलं नसतं.

मग मी खिशातून हातमोजे काढले आणि घातले. एक बोट, मग दुसरं.

क्लॉडेट बघत राहिली. लहानपणी शाळेतून धावत येऊन माझ्या मांडीवर बसून तिने तो प्रसंग पाहिला होता. तिचा चेहरा आधी रडवेला झाला आणि मग तिला हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येतंय तरी हसत होती.

“काय गं मामाँ,” ती म्हणाली, “दात सापडले नाहीत वाटतं?”

“नाही ना गं,” मी म्हटलं. “घरीच राहिले.”